कंपनी जबाबदार राहणार नाही

माझा आवाज एसटीने घडवला. तीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली निम्मी चंद्रपूर-सिरोंचा गाडीवर. त्या रस्त्यावर इंजिन, खिडक्यांच्या काचा आणि टपावरच्या सायकली एकदमच वाजायच्या. त्या सगळ्यावर आवाज चढवून "आलापल्लीऽऽ" म्हणायचं, तर ते पोटातून म्हणावं लागायचं. गोंडपिपरीला मी मराठीत ओरडायचो, पुढे जंगलात मोडक्या गोंडीत, आणि सिरोंचा येईस्तोवर त्याहून मोडक्या तेलुगूत. तिन्ही भाषांत मला दोनच वाक्यं धड यायची. एक, 'मागं सरका', आणि दुसरं, 'तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा'.

निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला. बॅग आणि पंच जमा करून घेतले. आवाज मात्र कोणी जमा करून घेतला नाही, म्हणून तो घरी आणला. घरात त्याला जागा पुरेना. मी जेवताना मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन यायची. बायको म्हणायची, अवो, मी इथीच बसली आहो, सिरोंच्याले नाई.

या आवाजाला शेवटी काम मिळालं ते मंडईच्या नाटकात. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. मंडई आली की पाहुणे येतात, पाहुण्यांत जावई येतो, आणि जावयाला नाटक दाखवलं नाही तर तो वर्षभर बोलून दाखवतो. नाटक करायला वडशाकडून कंपनी येते. आमच्या भागात नुसतं 'कंपनी' म्हटलं की ती नाटकाचीच. कागदाची किंवा सिमेंटची असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं, कारण माझी अब्रू पुढे याच शब्दापायी चव्हाट्यावर आली.

नाटकाची जाहिरात जीपवर भोंगा बांधून करतात. जीप साउंड सर्विसवाल्या चाचांची. गोंडपिपरीत त्यांचं दुकान आहे आणि लग्न, उरूस, निवडणूक, नाटक, सगळ्यांना ते एकाच भोंग्यातून न्याय देतात. भोंग्यातून वाजणारी जाहिरात मी घरी रेकॉर्ड करून द्यायचो. मानधन म्हणजे पहिल्या रांगेतली एक खुर्ची. पण जीप गावात शिरली आणि "हृदय पिळवटून टाकणारं, अश्रूंचा महापूर आणणारं" असं माझ्या आवाजात सुरू झालं, की चुलीपुढच्या बायासुद्धा दारात यायच्या. तेव्हा मी उगाचच चौकातून एक चक्कर मारून यायचो. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

मी रेकॉर्डिंग करायचो ते धानाच्या खोलीत. त्यालाही कारण आहे. रिकाम्या खोलीत माझा आवाज भिंतीवर आपटून परत माझ्याच अंगावर यायचा. मग एकदा असं लक्षात आलं की धानाची पोती छताला लागेस्तोवर रचलेली असली की आवाज असा गोळीबंद येतो, की शहरातल्या स्टुडिओवाल्यानं तोंडात बोट घालावं. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान दिवाळीला घरात येतो आणि मंडईपण तेव्हाच सुरू होते. म्हणजे निसर्गाचाच मला पाठिंबा होता. उन्हाळ्यात पोती उठली की माझा आवाज पुन्हा घुमायला लागायचा, पण उन्हाळ्यात नाटक कोण करतं?

या व्यवस्थेत एकच खोट होती. धान आला की उंदीर येतो. गेल्या वर्षी ऐन मंडईच्या तोंडावर उंदरांनी माइकची वायर तीन ठिकाणी कुरतडली. चाचांनी ती जोडून दिली, तरी माझ्या बोलण्यामागे सारखं किर्र किर्र ऐकू यायचं. माइकची जाळी उघडली तेव्हा आत धानातले सोंडे किडे निघाले, चांगले संसार थाटून बसलेले. जाहिरात झालीच नाही. कंपनीचे नट आले, पडदा उघडला, आणि समोर नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाचे सभासद आणि त्यांची आपापली माणसं, एवढेच प्रेक्षक.

मंडळाचा सचिव तिशीतला आहे आणि मोबाइल हा त्याच्या शरीराचाच एक अवयव आहे. यंदा दसरा झाल्यावर तो घरी आला, आणि मोबाइलमधली एक बाई त्याने मला ऐकवली. कुठलंही लिहिलेलं द्या, ती वाचून दाखवते, तेही फुकट. बाईचा आवाज स्वच्छ होता, धुऊन वाळत घातल्यासारखा. पण 'बहिणीचा हंबरडा' ती अशी म्हणायची, जणू बाजारातून हंबरडा पावशेर आणायचा आहे. मी तसं सांगितल्यावर सचिव म्हणाला, "काका, बाईले उंदीर तं खात नाई ना. यंदा तुमीच करा. पन मागच्यासारखं झालं, तं पुढच्या साली बाईच."

हे माझ्या मनाला फार लागलं. सिरोंच्यापर्यंतच्या आडरस्त्यावर पंधरा वर्षं ज्यानं घसा फाडला, त्याची जागा घ्यायला ही बाई! तिला आलापल्ली कुठे आहे हे तरी माहीत होतं का?

दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन मी चंद्रपूर गाठलं. तिला नेलं, कारण पैसे ती काढणार होती. दुकानात नवा माइक घेतला, तो उभा ठेवायचा दांडा घेतला, कानाला लावायचं मोठं यंत्र घेतलं, आणि माइक कॉम्प्युटरला जोडायचा एक डबा घेतला. त्या डब्यावर इतकी बटणं होती की मी आजवर त्यातलं एकच फिरवलंय. सगळं बांधून झाल्यावर दुकानदार गोड हसून म्हणाला, एक्स्टेंडेड वारंटी घेऊन टाका काका, दोन वर्षं बघायला नको.

बायको दचकलीच. आमच्या जिल्ह्यात 'वारंट' हा शब्द फक्त पोलिसांबरोबर येतो. ती हळूच म्हणाली, "कायचं वारंट निंगलं हो तुमच्यावर?" मग दुकानदाराने समजावलं. कंपनीची वारंटी एक वर्षाची, वरचे पैसे भरले की अजून दोन वर्षं वाढते, काही बिघडलं तर भरून मिळतं. मी विचारलं, तुमच्या मते घ्यावी का? तो म्हणाला, घ्याच. हे म्हणजे उंदराला मांजर साक्ष, हे मला कळत होतं. पण गेल्या वर्षाची किर्र किर्र कानात होती, आणि माझा हात खिशाकडे चालला होता. खिसा बायकोकडे होता म्हणून वाचलो. दुकानदाराने एक छापील पत्रक दिलं आणि म्हणाला, पंधरा दिवसांत कळवा, तोवर बिल सांभाळा.

घरी आलो आणि त्या पत्रकावरून आमच्यात जुंपली. माझं म्हणणं, घ्यावी. यंदा काही झालं तर माझी जागा जाते. बायकोचं म्हणणं, अगोदर वाचा तरी, काय भरून देतात आणि काय नाही. आता पत्रकावरची अक्षरं अशी होती की मुंगीलासुद्धा चष्मा लागावा. मी भिंग घेऊन वाचायला बसलो. दोन ओळी वाचल्या की पहिली विसरायचो. शेवटी एक युक्ती सुचली. नव्या माइकची परीक्षाही घ्यायची होतीच. तर हेच नियम मोठ्याने वाचून रेकॉर्ड करावेत, आणि मग दोघांनी निवांत ऐकावेत. एका दगडात दोन पक्षी.

मी धानाच्या खोलीत बसलो, भिंगातून एकेक ओळ उचलून माइकमध्ये टाकत गेलो. पण जित्याची खोड. माइक समोर आला की मला साधं बोलताच येत नाही. पहिल्या नियमाला आवाज चढला, दुसऱ्याला कंप सुटला, आणि शेवटच्या नियमाला मी हुंदका दिला. रेकॉर्डिंग ऐकताना ते अगदीच ओकंबोकं वाटलं, म्हणून सवयीने त्याखाली नाटकाच्या जाहिरातीचं संगीतही भरलं. मग ते पेनड्राइव्हमध्ये घालून टीव्हीला लावलं आणि बायकोला हाक मारली.

ती भाजी निवडत ऐकत होती. "उंदीर, घूस, मुंग्या, कीटक अथवा इतर प्राण्यांमुळे झालेल्या हानीस कंपनी जबाबदार राहणार नाही" हे आलं आणि तिने भाजी खाली ठेवली. पुढे पाणी शिरणं आलं, ओल आली, विजेचा दाब कमीजास्त होणं आलं, वीज कोसळणं आलं. एवढंच म्हणावं लागेल की ज्याने तो नियम लिहिला, तो आमच्याकडे चार दिवस राहून गेला असावा. आमच्या घरात माइक बिघडवू शकणारी एकूण एक गोष्ट त्यात नाव घेऊन वगळली होती.

"मंग भरून काय देते?" बायकोने विचारलं.

मी पुन्हा ऐकलं. कारखान्यातच राहून गेलेला दोष असेल तर देतात.

"तिथचा दोष ते भरून देते, इथचा दोष आपनच भरायचा. त्यापरीस मांजर आना."

मांजर मीही सुचवलं असतं, पण मांजर म्याव करतं, आणि बहिणीच्या हंबरड्यात ते चालत नाही. म्हणून तो विषय तिथेच राहिला. मी मनातून अजून घ्यायच्या बाजूनेच होतो. माणूस घाबरला की त्याला कागद हवा असतो. कागदावर काय लिहिलंय, हे तो बघत नाही.

त्यानंतर मी खरी जाहिरात केली. दोन दिवस खपून केली. नाटक एका गरीब बहिणीचं होतं आणि तिच्या भावाचं, जो तिला ओळखत नाही. मी ती जाहिरात करताना स्वतःच रडलो, आणि बायको पोत्याआडून पाणी घेऊन आली. तयार झाल्यावर ती त्याच पेनड्राइव्हमध्ये घातली आणि चाचांकडे पोचती केली. आधीचे नियम त्यातून पुसायचे राहिले, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

नाटकाच्या आदल्या दिवशी दुपारी मी चौकातल्या पानठेल्यावर बसलो होतो. मुद्दामच. जीप शिरल्याचा आवाज आला तसा मी शर्टाची कॉलर ठीक केली. बहीण आली, भाऊ आला, अश्रूंचा महापूर आला. चार माणसं माझ्याकडे बघून मान डोलवायला लागली. जाहिरात संपली, तेच संगीत पुन्हा सुरू झालं, आणि मग माझाच आवाज पोटातून घुमला.

"ग्राहकांनी नीट लक्ष द्यावे! उंदीर, घूस, मुंग्या, कीटक अथवा इतर प्राण्यांमुळे झालेल्या हानीस कंपनी जबाबदार राहणार नाही!"

माझ्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

"पाणी शिरल्यास, वीज कोसळल्यास, कंपनी जबाबदार राहणार नाही! रंग उडणे, ओरखडे आणि नैसर्गिक झीज यांची भरपाई मिळणार नाही! मूळ बिल जपून ठेवावे. बिलाशिवाय तक्रार ऐकून घेतली जाणार नाही! दुरुस्त होण्याजोगे नसल्यास त्याच दर्जाचे दुसरे देण्यात येईल!" आणि शेवटी तो माझा हुंदका.

पुन्हा बहीण सुरू झाली. चाचांच्या जीपमधलं यंत्र पेनड्राइव्हमध्ये जे असेल ते ओळीने वाजवतं आणि संपलं की पहिल्यापासून धरतं. मी उठून जीपमागे धावलो, पण माझं धावणं एसटीच्या वेळापत्रकासारखं आहे, सुटतं पण पोहोचत नाही. जीप जंगलाच्या रस्त्याला लागली. फोन केला तर तिकडे रेंज नाही. संध्याकाळपर्यंत चाचांनी सगळा भाग पालथा घातला आणि प्रत्येक गावात तीन तीन फेऱ्या मारल्या. परत आल्यावर मी विचारलं, चाचा, तुम्हाला काही वेगळं वाटलं नाही? ते टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "हमको लगा मंडल का नया नियम है. अच्छा है, थोडी सख्ती होना."

गावं काय समजली, ते मला त्याच संध्याकाळी कळायला लागलं. 'कंपनी' म्हणजे नाटकाची कंपनी, यात कोणालाच शंका नव्हती. म्हणजे हे सगळे नाटक बघायला येणाऱ्यांसाठीचे नियम होते. 'इतर प्राणी' म्हणजे कोण, हे आमच्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. कंपनीने वाघाची जबाबदारी झटकली, अशी बातमी पसरली. एका गावाने ठरवलं, सुटंसुटं जायचं नाही, ट्रॅक्टर करून सगळ्यांनी मिळून जायचं. हे ऐकून दुसऱ्या गावानेही ट्रॅक्टर काढला. 'रंग उडणे आणि नैसर्गिक झीज' हे नायकाबद्दल आहे, असं तर लोकांनी छातीठोक सांगितलं. तो नट साठीला आलाय आणि वीस वर्षं कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं काम करतो. त्याची झीज आता भरून मिळायची नाही, हे निदान कंपनीने प्रामाणिकपणे कबूल केलं, असं लोक म्हणत होते.

मी घरात दडून बसलो. सचिवाचे फोन येत होते आणि मी ते वाजू देत होतो. माझी जागा गेली, हे पक्कं होतं. उंदराने माइकला तोंडही लावलं नव्हतं, सोंडा नव्हता, वीज व्यवस्थित होती. यंत्र ठणठणीत होतं आणि बिघाड होता तो माझ्यातच, कारखान्यातूनच आलेला. नाटकाला मी गेलो नाही. माझ्या खुर्चीवर बायको जाऊन बसली. आमच्याकडे नाटक रात्रभर चालतं, ती सकाळी आली आणि तशीच झोपली. तिला विचारायची माझी हिंमत नव्हती.

दहाच्या सुमाराला सचिव आला. त्याच्या मागे सात-आठ माणसं होती, आणि प्रत्येकाच्या हातात नाटकाचं तिकीट. मी अंगणात खाट टाकली. सचिव बसला नाही.

तो म्हणाला, रात्री इतके लोक आले की कनाती सोडून मैदान वाढवावं लागलं. जमिनीवर जागा नव्हती, लोक ट्रॉल्यांवर उभे राहून बघत होते. हे त्याने आनंदात सांगायला हवं होतं, पण तो वैतागलेला होता. कारण पडदा पडल्यावर लोक घरी गेलेच नाहीत. बिल म्हणजे तिकीट असं समजून ती जपून ठेवलेली, ती काढून मंडळाच्या तंबूपुढे रांगेत उभे राहिले. कोणाच्या मते खलनायकाचं गाणं दुरुस्त होण्याजोगं नव्हतं, तेव्हा त्याच दर्जाचं दुसरं द्यावं. एका बाईची चटई ओली झाली होती, पण पाण्याचं भरून मिळत नाही हे ती ऐकून होती, म्हणून फक्त नोंद करून घ्या म्हणत होती. मंडळाने ऊन चढेस्तोवर तक्रारी ऐकल्या. ज्यांचं समाधान झालं नाही, ते आता इथे आले होते.

त्यात एक आजा होता, पार तिकडच्या जंगलकडेच्या गावातून आलेला. त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला, दुपट्ट्याच्या टोकाची गाठ सोडली, त्यातून पळसाच्या पानाची घडी काढली, आणि त्या घडीतून तिकीट. इतकं कोरं तिकीट मी माझ्या नोकरीतही कोणाच्या हातात पाहिलं नाही. त्याची तक्रार साधी होती. दुसऱ्या अंकात बहीण रडायला लागली आणि नेमका तेव्हाच माइक बंद पडला. तिचे ओठ हलताना दिसत होते, रडणं ऐकू आलं नाही. एवढ्या दूर तो तेवढ्यासाठीच आला होता.

सचिव त्याला समजवायला लागला, की आजा, ते नियम नाटकाचे नव्हतेच, ते एका मशीनचे होते, चुकून वाजले. तुम्हाला तिकीट जपून ठेवा असं मंडळाने सांगितलंच नाही.

"कंडक्टरनं सांगतलं," आजा म्हणाला.

"भोंग्यातला आवाज कोनाचाई असते, आजा."

"कोनाचाई नाई." आजाने माझ्याकडे बोट केलं. "याचा आहे. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा म्हने हा गाडीत. एकडाव चेकर चढला, धा मानसं उतरवली. मले नाई उतरवलं. याचं ऐकलं होतं म्हनून."

मला तो आजा आठवेना. तीस वर्षांत किती माणसं चढली-उतरली, त्यात हा कुठल्या थांब्यावर चढला असेल, देव जाणे. पण डोळे भरून आले, आणि अश्रूंचा महापूर यावर आजवर आपण जे काही बोललो ते सगळं उसनं होतं, असं वाटलं. सचिव हातातल्या मोबाइलकडे बघत होता. कोणी त्याला काही म्हटलं नव्हतं. त्याने तो खिशात टाकला आणि मगच खाटेवर बसला. म्हणाला, काका, पुढच्या साली तुमीच करा. फक्त एकच फाइल द्या.

एवढ्यात माझा फोन वाजला. चंद्रपूरचा दुकानदार होता. आज पंधरावा दिवस, वारंटीचं काय करायचं? अंगणातले सगळे ऐकत होते, बायकोही उठून दारात आली होती.

"उंदराचं भरून देता का?" मी विचारलं.

तो म्हणाला, नाही काका, त्याला कंपनी जबाबदार नाही.

"मग राहू द्या," मी म्हणालो. बायको चहा टाकायला आत गेली. तिचं म्हणणं खरं ठरलं की ती असाच एकदम सगळ्यांचा चहा टाकते.

आता प्रश्न आजाचा राहिला. बहिणीचं रडणं त्याला भरून द्यायचं कसं? कंपनीचे नट गाडीत बसून पुढच्या गावाला गेलेले. मी म्हणालो, आजा, द्या ते तिकीट इकडे. मागच्या कोऱ्या बाजूवर मी पेनने लिहिलं, 'पुढच्या वर्षीच्या नाटकाला हेच चालेल', खाली कंडक्टरी सही केली, आणि सचिवालाही करायला लावली. पंच असता तर भोकही पाडलं असतं. बाकीच्यांनीही आपापली तिकिटं पुढे केली. सचिवाने कपाळाला हात लावला, आणि सह्या करत सुटला.

आजाने तिकीट उजेडात धरून पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण सह्या मोजल्या. पळसाच्या पानात घडी करून ठेवलं, दुपट्ट्याला गाठ मारली. मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला.

"आन् उंदरानं कुरतडलं तं?"

"तं मी जबाबदार आहो," मी म्हणालो. नेहमीसारखं पोटातून निघालं. शेजारीण मीठ घेऊन आली.